आय, सून

करामा, दुबई
८ फेब्रुवारी २०२६

आय म्हणजे हो आणि सून म्हणजे लवकरच, हे मला काल कळलं. सात वर्षं माझ्या हातचं जेवलास, फणसाची भाजी मागून मागून खाल्लीस, आणि एकदाही तोंड उघडून सांगितलं नाहीस की बाई, तू समजतेस तसं मी काही बोललोच नाही.

आता नमस्कार. इकडे सगळे बरे आहेत. नसते तरी तुला काय कळणार होतं.

काल संध्याकाळी गिरिजा दवाखान्यातून आली आणि बूट काढता काढता तिने फोन बघितला. येणार आहेस का ते सरळ सांग, असं तिने तुला विचारलं होतं. तुझं उत्तर आठवड्याने आलं. तिने मोठ्याने वाचलं, "आय, सून." मी गवार निवडत होते. म्हटलं, बघ, रागावून गेला तरी पोराला आयची आणि सुनेची आठवण आहे. गिरिजाने फोन खाली केला. म्हणाली, "आई, तुला काय वाटतं, काय लिहिलंय त्याने?" मी सांगितलं. तशी ती हसायला लागली. हसता हसता भिंतीला टेकून खाली बसली, एक बूट पायात तसाच. मग हसणं थांबलं. म्हणाली, "आई, त्यांच्याकडे यसला आय म्हणतात. आणि सून म्हणजे लवकरच." मी म्हटलं, "मग ही सात वर्षं?" ती म्हणाली, "सात वर्षं तो तुला हो म्हणत होता."

तुला आठवत नसेल, मला आठवतं. पहिल्यांदा घरी आलास तो गुडघ्याला पट्टा बांधून. गिरिजा दवाखान्यात तुझा गुडघा बघायची, आणि गुडघा बघता बघता तुलाच बघायला लागली होती, एवढं मला कळत होतं. माझ्या मनात नकोच होतं. स्कॉटलंडचा, चाळिशीला टेकलेला, चेंडू लाथाडून पोट भरणारा, आणि आता ते लाथाडणंही बंद झालेलं. मी गिरिजाला म्हटलं, विचार त्याला, लग्न करायचंय की नुसता चहा प्यायला येतो. तिने विचारलं. तू कप खाली ठेवलास, माझ्याकडे बघितलंस आणि म्हणालास, "आय. सून."

आम्ही कोकणातले. मी माझ्या आईला आय म्हणायचे. माझ्या मुलीने मला आई केलं आणि तुझी वैभवी तर ग्रॅनी म्हणते. आय हा शब्द माझ्या आईबरोबर गेला होता. आणि हा दाराशी बूट काढून आलेला माणूस पहिल्याच दिवशी मला आय म्हणतो, माझ्या मुलीला आपल्या आईची सून म्हणतो. पुण्याच्या स्थळांना एवढं वळण नव्हतं. मी तिथल्या तिथे होकार दिला. म्हणजे त्या दिवशी आपण दोघंही होच म्हणालो. कशाला, ते कोणी विचारलं नाही.

तू मला आय म्हणालास म्हणून मी तुला तू म्हणायला लागले. नाहीतर आमच्यात जावयाला तू म्हणत नाहीत, जावई लहान असो की मोठा, अहो-जाहोच करतात. आता ते कारण उरलं नाही. तेव्हा इथून पुढे तुम्ही.

हे पत्र मी लिहिते आणि आमच्या खालचा टायपिंग सेंटरवाला वासिफ त्याचं इंग्रजी करणार आहे. चिपळूणचा आहे, मराठी माझ्यापेक्षा बरं बोलतो. त्याला म्हटलं, तू आणि तुम्ही यातला फरक नीट येऊ दे. तो म्हणाला, "मावशी, इंग्लिशमध्ये दोन्हीला यूच." मी म्हटलं, मग माझा राग कुठे गेला? तो म्हणाला, मधल्यामध्ये.

आता मुद्द्याचं. जाताना तुम्ही सांगितलंत, वादळाने आईच्या घराचं छप्पर उडालंय, ते करतो, आणि गावच्या क्लबाला सीझन संपेपर्यंत कोच हवाय, तेही बघतो. गिरिजाला विचारलंत, जाऊ का? ती म्हणाली, जा. आणि तुम्ही गेलात. ओट्याशी पाठमोरी उभी राहून, भांडी आपटत जी बाई जा म्हणते, ती जा म्हणत नसते. हे तुम्हाला सात वर्षांत कळलं नाही, तर मी आयचं काय घेऊन बसले.

तुमचा व्हिसा गिरिजाच्या नावावर आहे. सहा महिने माणूस देशाबाहेर राहिला की तो आपोआप खलास. जानेवारीत गेलात, म्हणजे जुलैत. जुलैच्या आधी पाय इथे लागला पाहिजे. गिरिजाने साफ सांगितलंय, एकदा मेला की ती परत काढणार नाही. तिचा स्वभाव तुम्हाला ठाऊक आहे, माझ्यावर गेली आहे.

येणार की नाही, तेवढं कळवा. बाल्कनीत तुमचे ते केशरी प्लास्टिकचे कोन पडलेत, पोरांना पळवायला मधे मधे ठेवायचात ते. मी कबुतरांसाठी कठड्यावर लावून ठेवलेत. घाबरतात कबुतरं. तेवढाच तुमचा उपयोग.

द्वारकाबाई
(गिरिजाची आई)


करामा
२९ मार्च २०२६

मी आशीर्वाद दिला नव्हता. मग तुम्ही आभार कशाचे मानलेत?

तुमचं कार्ड मिळालं. होड्यांचं चित्र चांगलं आहे, फ्रिजवर लावलंय, वैभवीच्या हट्टाने. मागचा मजकूर वासिफने वाचून दाखवला: तुमच्या आशीर्वादांनी आणि प्रेमळ शब्दांनी मन भरून आलं. मी म्हटलं, वासिफ, कसले प्रेमळ शब्द? मी तर कबुतरांचं लिहिलं होतं. तसा तो चष्मा पुसायला लागला.

मग सगळं बाहेर आलं. माझ्या पत्राचं इंग्रजी त्याने असं केलं होतं की आदरणीय महोदय, आपली प्रकृती उत्तम असेल अशी आशा आहे, आम्ही रोज आपली आठवण काढतो, वडीलधाऱ्यांचे आशीर्वाद. मी विचारलं, आय आणि सूनचं काय केलंस? म्हणाला, ते इंग्लिशमध्ये जात नव्हतं. व्हिसाचं? "लिहिलं ना मावशी, काइंडली डू द नीडफुल." म्हणजे काय? "म्हणजे जे करायचं ते करा." मी म्हटलं, अरे मेल्या, काय करायचं हे त्याला कळत असतं तर मी तुझ्याकडे कशाला आले असते? तो म्हणाला, "मावशी, तीस वर्षं मी साहेबांना अर्ज लिहितोय. माझ्या हाताला खडसावायची सवय नाही."

आज मी त्याच्या खुर्चीशेजारी बसून एकेक ओळ लिहून घेते आहे. बाहेर माणसं खोळंबली आहेत. खोळंबू देत. वासिफ, हेही लिही.

कॅलम, तुमचं नाव पहिल्यांदा ऐकलं तेव्हा मला कलम वाटलं होतं, आंब्याचं असतं तसं. अजूनही मी मनात कलमच म्हणते. दुसऱ्या झाडाची फांदी आणून बांधतात, दोन पावसाळे बघतात, धरली तर धरली. मला वाटलं होतं, धरली.

तुमचा धंदा मला तुम्हीच समजावलात, जेवणाच्या टेबलावर, वाटाणे मांडून. सोळाव्या वर्षी क्लबात गेलात, आणि पहिलं वर्षभर मोठ्या खेळाडूंचे बूट घासलेत. मग मागच्या फळीत उभं केलं. पुढे पळून नाव करणारे दुसरे, तुम्ही मागे राहून अडवणारे. एका क्लबाने तुम्हाला दुसऱ्याला विकलं. मी म्हटलं, माणूस आहे की बैल. तुम्ही म्हणालात, आय. मग ती कपाची मॅच. मिठाची बाटली म्हणजे तुम्ही, मिरच्या म्हणजे समोरचे. चेंडू तुमच्या पायाला लागून आपल्याच जाळ्यात गेला. पंधरा वर्षं चांगलं अडवलंत ते कोणाच्या लक्षात नाही आणि तुमच्या गावात अजून त्या एका गोलावरून तुम्हाला हाक मारतात. मग गुडघा. दोनदा कापला, आणि तिसऱ्यांदा कापायची वेळ आली तेव्हा क्लबाने सोडून दिलं.

इकडे आलात ते कोच होऊन. आधी लहान मुलं, मग अबुधाबीच्या एका क्लबाची तरुण पोरं. आठ मॅचा हरलात आणि परतीच्या बसमध्ये फोन आला, उद्यापासून येऊ नका. बसमध्ये. पोरं शेजारी बसलेली. मग ती अकादमी, जिचा मालक म्हणाला, अमक्याच्या मुलाला खेळवा, त्याचा बाप आपले टीशर्ट छापून देतो. तुम्ही शिट्टी त्याच्या टेबलावर ठेवलीत आणि घरी आलात. ते मला आवडलं होतं. बोलले नव्हते.

पण एक सांगते. एवढ्या वर्षांत कोणी तुम्हाला विकलं, कोणी सोडलं, कोणी काढलं. या घरातून कोणी काढलं नव्हतं. इथे चेंडू तुम्हीच आपल्या जाळ्यात मारलात.

गिरिजा म्हणते, मी घरजावई म्हटलं ते तुम्हाला लागलं. काय चुकलं त्यात? नोकरी गेली, तुमचा व्हिसा तिच्या नावावर आला. माझा तिच्याच नावावर आहे, वैभवीचाही. मी कधी रुसले नाही. चौथ्या मजल्यावरच्या छायाने लिफ्टपाशी विचारलं, जावई सध्या काय करतात? मी म्हटलं, घरजावई झालेत. गमतीत. तुम्ही मागे भाजीच्या पिशव्या घेऊन उभे होतात, मला काय माहीत तुम्ही तो शब्द घरी जाऊन गिरिजाला विचाराल. आणि तिनेही सांगितलं ते असं, की सासरी बसून खाणारा. घरजावई म्हणजे घरी राहणारा जावई, एवढंच. तुम्हाला माझा एक शब्द चार दिवसांत विचारून घेता आला. मला तुमचे दोन शब्द सात वर्षांत कळले नाहीत. मग जास्त कोणाला लागायला हवं?

अल कूझच्या वाळूवर तुम्ही मजुरांना खेळवायचात ती रविवारची टोळी चालू आहे म्हणे. मी तिकडे जात नाही, माझा काय संबंध. गणू मासळीबाजारात भेटला, तोच तुमचा गोलकीपर, संगमेश्वरचा. दिवसभर साइटवर सळ्या बांधतो, तरी हातात चेंडू येतो कसा काय कोण जाणे. म्हणाला, "आजी, कोचसाहेब कधी येणार? सगळे नुसते कबड्डीसारखे एकमेकांच्या अंगावर जातात." मी म्हटलं, सून. त्याला वाटलं, मी चेष्टा करते.

माझे गुडघे आहेत तसेच आहेत. तुम्ही शिकवलेला तो भिंतीला टेकून बसायचा व्यायाम मी सोडून दिला.

या पत्रात आशीर्वाद नाही. वासिफ, टाकू नकोस.

द्वारकाबाई


करामा
१८ मे २०२६

छप्पर मार्चमध्येच झालं. मॅचा एप्रिलमध्ये संपल्या. मग तुम्ही तिथे करताय काय?

हे मला तुमच्या आईने कळवलं. पत्र मी तुम्हाला पाठवलं आणि उत्तर त्यांचं आलं, निळ्या शाईत, अक्षर माझ्याच वळणाचं, ओळी खाली घसरणाऱ्या. वासिफने वाचलं. या वेळी गोड केलं नाही, कारण त्यातही गोड काही नव्हतं. त्या लिहितात, छप्पर होऊन दोन महिने झाले. क्लब शेवटून दुसरा आला, पुढच्या वर्षाचं कोणी काही बोललेलं नाही. कॅलम दिवसभर मागच्या शेडमध्ये गवत कापायचं मशीन दुरुस्त करत असतो. मशीन बिघडलेलं नाही. आणि शेवटी विचारतात, तुमच्याकडच्या कोणी त्याला येऊ नकोस असं सांगितलंय का?

मला त्या बाईचा राग येत नाही. लग्नाला आल्या होत्या तेव्हा आम्ही दोघींनी या ओट्याशी बसून दोन किलो मटार सोलले, एक शब्द न बोलता. पण मी त्यांना काय उत्तर देऊ? येऊ नकोस असं कोणी म्हटलं नाही. ये असंही कोणी म्हटलं नाही. त्यांचा मुलगा गिरिजाच्या हाकेची वाट बघतोय आणि माझी मुलगी त्याच्या पावलाची. दोघंही आपापल्या गोलात उभे, आणि चेंडू मधे पडलाय.

मी गिरिजाला म्हटलं, तू फोन कर. ती वैभवीची वेणी घालत होती. म्हणाली, "मी विचारलं होतं. त्याने सून म्हटलं. आता मी विचारणार नाही. जुलैत व्हिसा जाईल, जाऊ दे." वेणी एवढी आवळली की वैभवी म्हणाली, "ममा, इट हर्ट्स." मी म्हटलं, पोरीचे केस कशाला ओढतेस. तशी गिरिजा उठून आत गेली आणि वेणी मला पुरी करावी लागली. वैभवीला विचारलं, रिबीन लावू? ती म्हणाली, "आय." तुमच्यासारखं, थेट तुमच्या आवाजात. आता ही मला हाक मारते की हो म्हणते, हे मी कोणाला विचारू?

कालपासून अधिक महिना लागला. आमच्यात याला धोंड्याचा महिना म्हणतात. तीन वर्षांनी येतो, त्यात लेकीला आणि जावयाला जेवायला बोलवायचं, जावयाला अनारशांचं वाण द्यायचं. मागच्या खेपेला मी तुम्हाला तबकात घालून दिलं, तर तुम्ही सगळं उचलून मैदानावर नेलंत आणि गणूच्या टोळीला वाटलंत. वाण वाटायचं नसतं. तेव्हाही मी बोलले नाही. पोरं चाटूनपुसून खात होती म्हणे.

यंदा तांदूळ तीन दिवस भिजवले, वाळवले, कुटले, गूळ घालून गोळा करून ठेवलाय. जावई नाही तर करायचे कशाला, असं छायाने विचारलं. मी तिला म्हटलं, तू लिफ्टपाशी कमी बोल.

हा महिना मला वाया घालवायचा नाही. पुढचा अधिक महिना येईल तेव्हा मी असेन की नाही, कोण सांगणार. रडायचं नाही यात, हिशोबाची गोष्ट आहे.

गणूचं सुधारलंय. गेल्या रविवारी मात्र जाळं सोडून पुढे पळत सुटला, तेव्हा मी बाहेरून ओरडले, मागे बघ. तुझंच वाक्य. तुला मराठी येतं ते एवढंच, मागे बघ, चल आणि बस. परभणीचा तो रामेश्वर मला विचारतो, आजी, ऑफसाइड म्हणजे काय? मी म्हटलं, समोरच्यांच्या घरात त्यांच्याही आधी जाऊन उभं राहायचं आणि कोणी चेंडू देईल म्हणून वाट बघायची, म्हणजे ऑफसाइड. बरोबर आहे ना? नसलं तरी पोरांना पटलंय.

बाल्कनीत कबुतरं पुन्हा यायला लागली. कोन वाळूवर लागतात ना, म्हणून. भिंतीला टेकून बसते तेव्हा डोळ्यांसमोर त्यांची घाण येते. सकाळी दहा-दहा वेळा बसते.

अरे, आता बोलण्याच्या ओघात मी तुला तू म्हटलं. वासिफ म्हणतो, इंग्लिशमध्ये काही फरक पडत नाही. मराठीत पडतो. असू दे, खोडत नाही.

छप्पर झालं. मॅचा झाल्या. मशीन बिघडलेलं नाही. आता कारण सांगायचं असेल तर नवीन शोध, आणि या खेपेला आईला लिहायला लावू नकोस.

द्वारकाबाई


करामा
९ जून २०२६

हे पत्र तुला वाचता येणार नाही, हे मला माहीत आहे. म्हणूनच लिहिलंय.

तुझं नवीन कारण मिळालं. गिरिजाच्या फोनवर आलं. काय बोलायचं ते सुचत नाही, असं लिहिलंस. तिने मला वाचून दाखवलं, फोन ठेवला, परत उचलला, परत ठेवला. मी म्हटलं, दे उत्तर. म्हणाली, "मलाही सुचत नाही." चांगली जोडी आहे. एकजण इंग्रजीत गप्प, एकजण मराठीत.

म्हणून या वेळी वासिफकडे इंग्रजी करायला नेलं नाही. चौथी शिकलेल्या बाईच्या हाताने जसं आलं तसं मराठीत आहे. लिफाफ्यावर मात्र त्याच्याकडून इंग्रजीत एक ओळ लिहून घेतली: हे पत्र गिरिजा वाचून दाखवेल, घेऊन ये. ती त्याने नीट लिहिली आहे, मी तीन जणांकडून वाचून घेतली. आदरणीय महोदय नाही, काइंडली नाही.

फोनचा कॅमेरा लावून अर्थ काढायला बघशील, ते मला ठाऊक आहे. वासिफने लावून बघितला. माझं अक्षर बघून फोन म्हणाला, हा कोंबड्यांचा दवाखाना आहे. अनारसे म्हणजे अननस निघाले. तेव्हा तो नाद सोड. आणि फोटो काढून गिरिजाला पाठवू नकोस. तिला मी सांगून ठेवलंय, माझ्या अक्षराचा फोटो आला तर उघडायचा नाही. का, ते तिने विचारलं नाही. माझ्यावर गेली आहे, पण बावळट नाही.

तुमच्या गावात मराठी वाचणारं कोणी नाही, मी तुझ्या आईला विचारून घेतलं. म्हणजे एकच बाई उरते.

गिरिजा, तू हे वाचत असशील तर तो तुझ्यासमोर बसला आहे. वाचताना काही गाळू नकोस आणि वासिफसारखं गोड करू नकोस. सावकाश वाच, एक ओळ मराठीत, मग तीच इंग्रजीत.

त्याला सांग, जा म्हणालीस तेव्हा तुला जा म्हणायचं नव्हतं. हे वाक्य तुझ्या तोंडून निघणार नाही, म्हणून मी लिहिलं. आता वाच. घसा खाकरू नकोस.

कॅलम, तुझ्यासाठी. घरजावई हा शब्द मी मागे घेत नाही. घर आहे आणि जावई आहे, दोन्ही शब्द बरोबर आहेत. मधे दुसरं काही ऐकायचं नाही. मैदानावर तू गणूला सांगायचास ना, गोल गेला म्हणून गोल सोडून जायचं नाही. मी तिथे होते, ऐकलंय.

आय हे नावही मी परत करणार नाही. तू हो म्हणत होतास तर म्हणत होतास. सात वर्षं वापरलेली वस्तू कोणी परत घेत नाही, आणि मला ती बसली आहे.

अधिक महिना हे पत्र पोचेपर्यंत सरेल. त्याची काळजी नको. अनारशाचं पीठ थांबतं, मुरलं की आणखी बरं. तबक घासून ठेवलंय. व्हिसा मात्र थांबत नाही, जुलैत जाईल. तू हे ऐकतो आहेस म्हणजे वेळेत आलास. या वेळचं वाण वाळूवर नेलंस तरी चालेल. गणूला आधी दे, त्याने शेवटच्या मॅचमध्ये पेनल्टी अडवली.

मी आता स्वयंपाकघरात आहे. कढई तापली आहे, तेव्हा मला मधे घेऊ नका. वैभवी टेबलाखाली लपून ऐकत असेल, तिलाही बोलू देऊ नका, तिचं आय मला अजून कळत नाही.

गिरिजा, कागद खाली ठेव आणि विचार, राहणार का? उत्तर कॅलमने द्यायचं. त्याच्या आईने नाही, वासिफने नाही, तू नाही. आणि एकच शब्द बोलायचा, पहिला. दुसरा बोलायचा नाही. सून समोर बसली आहे.